बॅटरी फिरवण्याचा शनिवार

हैदराबादेतला मराठी माणूस गाडी घेतो ती दोन कारणांसाठी. एक, दसऱ्याला तिच्या चाकाखाली लिंबू ठेवता यावं म्हणून. आणि दोन, उरलेलं वर्षभर ती खाली सेलरमध्ये सुखरूप उभी आहे या विचाराने वर पंख्याखाली शांत झोप लागावी म्हणून. सेलर म्हणजे इमारतीच्या पोटातलं पार्किंग. आमच्याकडे त्याला दुसरं नावच नाही. फिरायला रिक्षा असते, मेट्रो असते, अगदीच अडलं तर जावई असतो. गाडी चालवायची नसते, सांभाळायची असते. लोकांच्या या एका सवयीवर मी सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत जन्मभर बॅटरीचं दुकान चालवलं, दोन मुलींची लग्नं केली, आणि आता पुतण्याच्या हाती दुकान देऊन घरी बसलोय. तेव्हा या सवयीबद्दल मी वाईट बोलणं म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणं आहे. तरी बोलतो.

या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "मामा, तुमचे अनुभव लिहा." मी म्हटलं, "बाई, माझ्या अनुभवांना ॲसिडचा वास येतो." त्या म्हणाल्या, "येऊ द्या, मधल्या पानावर अगरबत्तीची जाहिरात आहे." आता एवढी सोय केल्यावर नाही कसं म्हणणार?

धंदा समजायला सोपा आहे. गाडी बंद केली, दार लावलं, किल्ली खिशात टाकली, की गाडी झोपली असं लोकांना वाटतं. ती झोपत नाही हो. आतलं घड्याळ चालू असतं. चोर आला तर ओरडणारी घंटा कान टवकारून बसलेली असते. लांबून बटण दाबलं की दार उघडणारं यंत्र जागं असतं. ही सगळी मंडळी थेंब थेंब बॅटरी पीत असतात. गाडी रोज फिरली तर प्यायलेलं भरून निघतं, उभी राहिली तर नाही निघत. आणि रिकामी झालेली बॅटरी तशीच पडून राहिली की तिच्या आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो. तो हळूहळू घट्ट होतो. मग तिला कितीही चार्ज करा, ती घेतच नाही. आमच्या गल्लीत म्हणतात, "बैठ गई." बसलेली बॅटरी परत उठवणारा कारागीर मी तरी पाहिला नाही.

उपायही सोपे आहेत. फार दिवस गावाला जाणार असाल तर बॅटरी पूर्ण चार्ज करा, आधी काळी वायर काढा, मग लाल, आणि महिन्यातून एकदा कुणाकडून तरी चार्ज करून घ्या. गावातच असाल तर आठवड्यातून एकदा गाडी तासभर चांगली रस्त्यावर पळवा. तिसरा एक उपाय आहे, तो पुढे सांगतो, कारण त्याच्यावरूनच सगळं रामायण घडलं.

उपाय सोपे असले तरी ते कानातून डोक्यात जाताना काय होतं, ते देवच जाणे. नारायणगुड्याच्या एका काकूंचे यजमान सहा महिन्यांसाठी मुलाकडे परदेशी निघाले होते. मी काकूंना सांगितलं, "बॅटरी काढून देतो. घरात स्वच्छ, कोरड्या, थंड जागी ठेवा, नातवंडांचा हात पोचणार नाही अशी." आता सांगा, मराठी घरात अशी जागा कुठली? बॅटरी देवघरात गेली. बाळकृष्णाच्या शेजारी. एकदा तिथे गेल्यावर तिला हळदकुंकू न लावता कसं चालेल? रोज अभिषेकाचे चार थेंब तिच्यावरही उडायचे. माझ्याकडे परत आली तेव्हा तिच्या दोन्ही टर्मिनलांवर हिरवा-पांढरा फेस धरला होता आणि मधोमध सुकलेलं जास्वंदीचं फूल. मी म्हटलं, "काकू, ही गेली." काकूंनी तोंडाला पदर लावला. म्हणाल्या, "अगंबाई! मग आता विसर्जन करायचं का हिचं?" मी म्हटलं, "माझ्याकडे ठेवा, मी बघतो." पुन्हा कधी मी कुणाला 'स्वच्छ जागी' म्हणालो नाही.

दुसरे एक गृहस्थ होते, त्यांच्या सेलरमधून शेजाऱ्याची बॅटरी चोरीला गेली. यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी आपल्या गाडीत कॅमेरा बसवला. गाडी बंद असतानाही रात्रंदिवस चालणारा. कुणी बॅटरीला हात लावला की चेहरा टिपला जाणार. महिन्याने गाडी सुरूच होईना. मी बघितलं आणि हसू आवरेना. बॅटरी चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या कॅमेऱ्याने बॅटरी खाऊन टाकली होती. "चोर सापडला का?" त्यांनी विचारलं. मी कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. त्यांना राग आला, पण बॅटरी माझ्याकडूनच घेतली.

हे सगळे एकेकटे शहाणे. पण शहाणी माणसं कमिटीत बसली की काय होतं, ते मला आमच्या मंडळाने दाखवलं. मंडळाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर कोजागिरीचं दूध मिळायचं नाही.

मंडळाचे एक जुने सभासद शेवटची काही वर्षं चाकाच्या खुर्चीत होते. ते गेल्यावर त्यांच्या मुलांनी मंडळाला एक गाडी दिली. छान मोठी, डिझेलची. पायरी खाली येणारी, धरायला दांडा, बाहेर वळणारी खुर्ची. देताना मुलगा म्हणाला, "बाबांच्या वयाच्या माणसांना कार्यक्रमाला, दवाखान्याला, बाजाराला जाता यावं, एवढीच इच्छा." सगळ्यांचे डोळे पाणावले. आणि मग गाडी आमच्या कार्यवाहांच्या, म्हणजे जोगळेकरांच्या ताब्यात गेली.

जोगळेकर सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. माणूस निर्मळ, एका पैशाचा डाग नाही. पण एखादी वस्तू त्यांच्या ताब्यात गेली की ती वापरली जाणार नाही याची खात्री बाळगावी. मंडळाच्या पेटीचा आवाज मी अजून ऐकलेला नाही. गाडीच्या आसनांवरचं कंपनीचं प्लॅस्टिकही त्यांनी काढू दिलं नाही. वर ताडपत्री, ताडपत्रीवर दोरी. ज्याला गाडी हवी त्याने सात दिवस आधी अर्ज करायचा, सोबत दोन सभासदांची शिफारस. एका आजोबांच्या घरच्यांनी दवाखान्यात न्यायला अर्ज केला होता म्हणतात. तो मंजूर झाला तोवर आजोबा बरे होऊन लेकीकडे नागपूरला गेले होते. जोगळेकर हे सांगताना अभिमानाने सांगायचे, की बघा, अर्ज नामंजूर केला नाही.

गाडीला ड्रायव्हर होता, यूसुफभाई. मंडळाच्या हॉलची राखणही तोच करायचा. मी विचारायचो, "क्या यूसुफभाई, गाडी कैसी है?" तो म्हणायचा, "दुल्हन है साब. घूँघट उठाने का हुकुम नैं."

मग वर्धापनदिन आला. गाडीला वर्ष झालं म्हणून तिचा सत्कार. हो, गाडीचा. मुंबईहून पाहुणे आले होते. नारळ फुटला, हार पडला, पाहुण्यांनी हिरवा झेंडा दाखवला, बायकांनी टाळ्या वाजवल्या, यूसुफभाईने किल्ली फिरवली आणि गाडी म्हणाली, "टिक." एवढंच. पुन्हा फिरवली. पुन्हा "टिक." यूसुफभाईने काच खाली केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "खलास साब." शेवटी पाहुणे, अध्यक्ष आणि जोगळेकर अशा तिघांनी मागून ढकलली. तो फोटो मंडळात कुठेही लावलेला नाही, पण माझ्या फोनमध्ये आहे.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं. जोगळेकर रडवेले झाले होते. "माधवराव, मी स्वतः रोज सकाळी येतो. पाऊस असो, ऊन असो. पाच मिनिटं गाडी चालू करतो, आवाज ऐकतो, बंद करतो. एक दिवस चुकवला नाही. तरी असं का?"

मी म्हटलं, "साहेब, त्यानेच गेली."

गाडी सुरू करताना बॅटरी एका घोटात जेवढं देते, तेवढं परत मिळवायला इंजिनाला बराच वेळ पळावं लागतं. जागेवर पाच मिनिटं घुरघुरवून काय मिळणार? रोज पाहुण्याला पोटभर जेवू घालायचं आणि त्याच्याकडून एक सुपारी घ्यायची, असा तो व्यवहार. असा वर्षभर चालला तर कुठलंही घर बसेल. जोगळेकरांना हे पटेना. ज्या निष्ठेने त्यांनी हे केलं होतं ती बघता बॅटरीने निदान कृतज्ञता म्हणून तरी चालायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं.

नवीन बॅटरी बसवून मी घरी निघालो आणि वाटेत हिमायतनगरला इंदूताईंकडे थांबलो. त्यांचा इन्व्हर्टर बघायचा होता.

इंदूताई ऐंशीच्या पुढच्या. मूळच्या आमच्याच नांदेडकडच्या, लग्न होऊन हैदराबादेत आल्या. मंडळाच्या दिवाळी बाजारात त्यांचा काळा मसाला पहिल्या तासात संपायचा. भाजणं, कुटणं, चाळणं सगळं स्वतः, आणि मिरची आणायला स्वतः बेगम बाजारात. मुलगा अमेरिकेत. तो तिकडून फोनवर बटणं दाबतो आणि इकडे यांच्या दारात किराणा येऊन पडतो. इतका प्रेमळ मुलगा, नाव ठेवायला जागा नाही. पण ताईंचे गुडघे गेले होते. रिक्षाची पायरी चढवेना, भाड्याच्या गाड्या थांबायला तयार नसत.

त्यांनी मला चहा दिला आणि समोर मिरचीची पुडी टाकली. "बघ रे माधवा. वर लिहिलंय ब्याडगी. आत काय आहे सांग. रंग घातलाय की नाही, देठ किती, जुनी की नवी? पुडीच्या आत नाक कसं घालू मी?" मग जरा थांबून म्हणाल्या, "चार वर्षं झाली, मी बेगम बाजार पाहिला नाही. घरातून बाहेर पडते ती डॉक्टरकडे. आता एकदाच पडेन, तेव्हा त्या वाटेने नेतील का, तेही कुणी विचारणार नाही मला."

मी कप खाली ठेवला. मी म्हटलं, "ताई, मंडळाची गाडी आहे की! तुमच्यासाठीच दिलीय ती."

"अर्ज करू?" त्या कडाडल्या. "जन्मभर ज्या मंडळासाठी मसाला कुटला, त्याच्याकडे बाजारात जायला दोघांची शिफारस मागू? मेले तरी करायची नाही."

आता मी काय करणार? जोगळेकरांना जाऊन सांगितलं असतं, की गाडी वापरा, माणसांसाठी आहे, तर त्यांनी उपसमिती नेमली असती. माणसांची दया येऊन जोगळेकर कधी हलले नाहीत. पण बॅटरीची गोष्ट वेगळी. बॅटरी त्यांच्या ताब्यात होती.

मी कमिटीपुढे उभा राहिलो आणि तोंड गंभीर केलं. म्हटलं, "बॅटरी वाचवायची असेल तर दर आठवड्याला गाडी तासभर रस्त्यावर न्यायला हवी. नाहीतर हीसुद्धा बसणार." हे शंभर टक्के खरं. पुढे म्हटलं, "आणि रिकामी नको. गाडीत वजन हवं. इंजिनाला जरा काम पडलं की ते नीट तापतं, सगळं सुरळीत राहतं." हे थोडं थोडं खरं.

जोगळेकरांनी चष्मा काढला. "वजन म्हणजे... वाळूची पोती ठेवली तर?"

मी मनात म्हटलं, कर्म माझं. "पोतं फुटलं तर वाळू आसनांवर सांडेल साहेब."

"हं. सिमेंट?"

"त्याची धूळ होते. माणसं बरी. स्वतः चढतात, स्वतः उतरतात. जरा हलकी, वयस्कर माणसं घेतली तर आसनंही दबणार नाहीत."

ही सूचना सगळ्यांना फार आवडली. जोगळेकरांनी तिथल्या तिथे नाव ठेवलं, 'विद्युतघट संवर्धन फेरी'. दर शनिवारी. वजन म्हणून इंदूताई आणि त्यांच्या दोन मैत्रिणी. ताईंना मी एवढंच सांगितलं, की मंडळाने गाडी द्यायचं ठरवलंय, अर्ज नको. वाळूचा विषय काढला नाही.

आता तो तिसरा उपाय. एक लहानसा चार्जर मिळतो. भिंतीतल्या सॉकेटला लावायचा, त्याच्या दोन वायरी बॅटरीला जोडायच्या आणि विसरून जायचं. बॅटरी जरा उतरली की तो भरतो, भरली की थांबतो. गाडी वर्षभर हलली नाही तरी बॅटरी ठणठणीत. तेव्हा तो माझ्याच दुकानात वरच्या फळीवर होता. कमिटीत मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

पहिल्या शनिवारी मीही गेलो, तज्ज्ञ म्हणून. इंदूताई इरकली नेसून खाली उभ्या होत्या, हातात दोन पिशव्या. यूसुफभाईने पायरी खाली केली, दांडा दाखवला. ताई चढल्या, बसल्या आणि प्लॅस्टिक कर्रकर्र वाजलं. "हे काय? माझ्याखाली कागद घातलाय का तुम्ही?" असं म्हणत त्यांनी एका हिसक्यात ते टराटरा ओढून काढलं आणि चुरगळून माझ्या हातात दिलं. यूसुफभाई आरशातून बघत होता. "दुल्हन का मुँह तो देखने मिला," असं पुटपुटला.

बेगम बाजारात गाडी आत जाण्यासारखी नव्हतीच. गल्लीच्या तोंडाशी लावली. यूसुफभाईने एका दुकानातून खुर्ची मागून आणली आणि ताईंना मिरचीच्या ढिगापुढे बसवलं. मग जे मी पाहिलं! ताईंनी एक मिरची उचलली, मोडली, बी झटकलं, नाकाशी धरली. दुकानदाराला म्हणाल्या, "ये ब्याडगी बोल के किसकू बेचते जी? ये तो गुंटूर है, रंग देखके पैचानती मैं." तो म्हणाला, "अम्मा, बहुत दिनां के बाद आए." त्याने ओळखलं होतं हो त्यांना! आतून दुसरं पोतं आलं. दगडफूल हातावर घेऊन झालं, शहाजिरं दाताखाली चावून झालं, नागकेशरावरून भांडण झालं. तिन्ही म्हाताऱ्या शिंकत होत्या आणि पोरींसारख्या हसत होत्या. मी आयुष्यात हजारो बॅटऱ्या भरल्या, पण एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं. सोमवारी जोगळेकरांनी व्होल्ट मोजून मागितले, मी मोजून दिले. ते म्हणाले, "उत्तम! तिघींचं वजन पुरतंय म्हणायचं."

असे कितीतरी शनिवार गेले. ताईंचा मसाला पुन्हा होऊ लागला. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब सुधारला, काय करता? ताई म्हणाल्या, "बाजार करते."

मग अनिकेत आला. पुण्याचा मुलगा, इथे मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो, बायकोला मराठी माणसांची आठवण येते म्हणून मंडळात आलेला. गुणी हो. खुर्च्या मांडायला पहिला, ताटं उचलायला पहिला. एकदा फलकावरचं 'विद्युतघट संवर्धन फेरी' वाचताना त्याची जीभ दोनदा अडखळली. "काका, हे नक्की काय असतं?" मी समजावलं. तो म्हणाला, "ओके, पण यासाठी एवढं डिझेल कशाला? सिंपल आहे काका, मेंटेनर लावायचा ना!"

मेंटेनर म्हणजे तोच माझ्या फळीवरचा चार्जर. म्हटलं, "बघू पुढे." पण ही पुण्याची मुलं बघू वगैरे करत नाहीत. आठवड्याच्या आत त्याने स्वखर्चाने चार्जर आणला, माझ्या फळीवरच्यापेक्षा चार पावलं पुढचा. हॉलच्या भिंतीतल्या सॉकेटमधून वायर काढून गाडीला जोडला आणि जोगळेकरांच्या फोनवर काहीतरी चढवून दिलं. आता बॅटरी किती भरली ते जोगळेकरांना घरी पलंगावर पडल्यापडल्या दिसू लागलं. हा माणूस इतका सुखी मी कधी पाहिला नव्हता. भेटेल त्याला फोन दाखवायचे. "शंभर टक्के!" म्हणायचे.

बुधवारी दुपारी चारला सर्वसाधारण सभा भरली. इंदूताई शेजाऱ्यांच्या गाडीतून आल्या होत्या आणि पुढच्याच रांगेत बसल्या होत्या. गाडीचा विषय निघाला. अनिकेतने सगळं छान सांगितलं आणि मग माझ्याकडे वळला. "अर्थात, काका एक्सपर्ट आहेत. काका, टेक्निकली सांगा, हा चार्जर असेल तर गाडी फिरवायची गरज आहे का?"

सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. ताईही. मी काहीही सांगू शकलो असतो. डिझेलच्या गाडीला हा सोसत नाही म्हटलं असतं, तर एकानेही चूं केलं नसतं. पण न विचारलेलं न सांगणं वेगळं आणि समोरासमोर विचारल्यावर बॅटरीबद्दल खोटं बोलणं वेगळं. ते माझ्याच्याने होईना. शिवाय तो पोरगा बरोबर होता.

"नाही," मी म्हटलं. "बॅटरीला फिरायची गरज नाही. हा चार्जर फार चांगला आहे."

टाळ्या पडल्या. जोगळेकर उठले. "म्हणजे शनिवारची फेरी तांत्रिकदृष्ट्या अनावश्यक ठरते. या शनिवारपासून ती बंद करावी असं मी सुचवतो."

"थांबा," इंदूताई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. "माधवा, बॅटरीचा आणि आमच्या बाजाराचा काय संबंध?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं, की बॅटरीसाठी गाडी फिरवायची होती, गाडीत वजन हवं होतं, वजन म्हणून तुम्ही तिघी. मागून कुणीतरी म्हणालं, "आधी वाळूची पोती ठरली होती!" आणि हॉलभर हशा पिकला.

ताई हसल्या नाहीत. खुर्चीचा हात धरून त्या उभ्या राहिल्या. त्यांना उभं राहायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात हसणं आपोआप थांबलं.

"मी वजन म्हणून बसत होते होय? मला वाटलं, मंडळाला माझी आठवण झाली." त्यांचा आवाज फुटला, पण त्या थांबल्या नाहीत. "मला मिरची हातात घेऊन बघायची असते. चार माणसांशी भांडायचं असतं. घरात बसून मला रडू येतं. हे कारण तुम्हाला पुरत नाही का रे? बॅटरीचं पुरतं, आणि माझं नाही पुरत?"

अनिकेतचं तोंड पांढरंफटक पडलं. "आजी, आय स्वेअर, मला माहीतच नव्हतं..." म्हणाला. जोगळेकर म्हणाले, "ताई, तसा आपण रीतसर अर्ज केला असता तर..." आणि स्वतःच मध्ये थांबले. मी त्या माणसाला इतकी वर्षं ओळखतो, वाक्य अर्धं सोडताना पहिल्यांदा पाहिला.

"हा घ्या अर्ज," ताई म्हणाल्या. "तोंडी आहे. मला आत्ता बेगम बाजारात जायचंय." आणि त्या चालायला लागल्या. हळूहळू, एकेक खुर्ची धरत, दाराकडे. त्यांच्या दोघी मैत्रिणीही मागून उठल्या. कुणाला पुढे व्हायचं सुचेना, म्हणून सगळी सभाच त्यांच्या मागे अंगणात आली.

यूसुफभाई गाडीच्या बाजूला स्टुलावर बसला होता, तो धडपडत उठला. एकदा ताईंकडे, एकदा जोगळेकरांकडे बघत म्हणाला, "आज तो बुध है अम्मा. बैटरी का दिन तो शनिचर है ना? और वायर भी लगेली है."

"बैटरी कू आराम करने दे बाबा," ताई म्हणाल्या. "मेरेकू जाना है."

यूसुफभाईचा हात वायरीजवळ थांबला. तो जोगळेकरांच्या हुकमाची वाट बघत होता, आम्ही सगळेच बघत होतो. जोगळेकर पुढे झाले, गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले आणि स्वतःच्या हाताने वायर काढली.